खांबाचा बुक्का

"धरून बसा, बाब. पुढं उतार आहे," पायलट म्हणाला आणि त्याची मोटरसायकल माडोळीच्या घाटीवरून खाली सुटली.

भाड्यानं मोटरसायकल चालवणाऱ्याला आता गोव्यात पायलट म्हणतात, हे मला त्याच दुपारी बसस्टँडवर कळलं होतं. मी गाव सोडलं तेव्हा या घाटीवरून बैलगाडीसुद्धा जपून उतरायची. दोन्ही हातांनी मी त्याचा शर्ट घट्ट धरला. कानात वारा भरला होता आणि दोन्ही बाजूंनी पोफळी मागं पळत होत्या.

"नवरात्राला आलात? मुंबईचे?"

"जरा पुढचा."

"दुबई?"

"आणखी पुढचा. लिस्बन."

"आयला!" त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी देवाचं नाव घेतलं. "तिथं तर लोक इथून जातात. तुम्ही उलटे कसे आलात?"

काय सांगणार त्याला? मी गेलो नव्हतो, मला नेलं होतं. पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा. बावीस वर्षांचा होतो. पेटीच्या भात्यामागं मी स्वातंत्र्याची पत्रकं लपवत असे. ती सापडली. आधी किल्ल्यातला तुरुंग, मग बोट, मग समुद्रापलीकडचा तुरुंग. सुटलो तेव्हा गोवा मोकळा झाला होता, पण आई गेली होती आणि मथुरेचं लग्न झालं होतं. मग परत कशाला यायचं? एका पाववाल्या विधवेच्या भट्टीवर कामाला राहिलो. लुसिंदा तिचं नाव. पुढं आम्ही नवराबायकोसारखे राहिलो. मोठ्या मनाची बाई. मी पीठ मळताना झांजेचा ठेका धरायचो, तर ती हसून म्हणायची, "झालं, गेलास का तू तुझ्या देवळात?" डोळे मिटण्याआधी माझा हात धरून तीच म्हणाली, "एकदा जाऊन ये. अर्धा माणूस तिकडेच ठेवून आलायस."

म्हणून आलो. साठी उलटली होती. मला गावात घर नको होतं, जमीन नको होती. एक प्रश्न मी तिथं विचारून ठेवला होता, त्याचं उत्तर मिळायच्या आत मला उचललं होतं. ते उत्तर हवं होतं, एवढंच. जिला विचारलं ती जिवंत आहे की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

पायलटानं देवळाच्या कमानीपाशी सोडलं. दिवेलागण व्हायची होती. दीपस्तंभाला नवा पिवळा रंग दिला होता, अग्रशाळेवर, म्हणजे यात्रेकरूंच्या उताराच्या खोल्यांवर, कौलांच्या जागी पत्रे आले होते. तळी मात्र तीच. पायऱ्या उतरून मी पाण्यात पाय सोडले, आणि गारवा घोट्यांवरून थेट छातीपर्यंत चढला. पाण्यातून बावीस वर्षांचा नरसू धुमे माझ्याकडे बघत होता. पाणी हललं, आणि तो टकला निघाला.

याच पायऱ्यांवर मथुरा समया घासायला बसायची. आमच्या हरिदासांची, गोपाळबुवांची मुलगी. मी बुवांच्या मागं उभा राहून झांज वाजवायचो आणि झील धरायचो. झील म्हणजे बुवांनी पदाची ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची. माझ्याबरोबर रामनाथ असायचा. त्याचा गळा माझ्याहून गोड, पण बुवांची लकब मी उचलली होती. बुवा म्हणायचे, "ओळ टाकली की लगेच झडप घालू नका. थांबा अर्धा श्वास. देवाला आधी ऐकू दे." रामनाथला ते कधी जमलं नाही. तो झडपच घालायचा.

शेवटच्या त्या नवरात्रात एका संध्याकाळी मी इथं उभा होतो, ती खाली राख आणि चिंच घेऊन बसली होती.

"मथू, बुवांना विचारू?"

"काय विचारायचंय?"

"तुला ठाऊक आहे."

"आधी मला विचार की."

"तुलाच विचारतोय."

तिनं समई पाण्यात बुचकळली, वर काढली, पुन्हा बुचकळली. "तळीवर नाही सांगत कुणी असलं. उद्या बुक्का लावीन तेव्हा कळेल."

"कसं कळेल?"

"आडवं बोट ओढलं तर बाबांकडे जाऊ नकोस. उभं ओढलं तर जा."

"आणि नुसता टिळाच लावलास तर?"

"तर समज, मी घाईत होते!" असं म्हणून तिनं माझ्यावर पाणी उडवलं आणि समया उचलून गेली.

आमच्या देवळात कीर्तनाच्या मध्यंतरात, म्हणजे पूर्वरंग संपून कथा सुरू व्हायच्या आधी, हरिदासांच्या घरची लेक नाहीतर सून बुक्क्याचं तबक फिरवते. मंडपात बसलेला एकही माणूस बिनबुक्क्याचा राहता कामा नये. लहान मूल झोपलेलं असलं तरी त्याच्या कपाळाला बोट लागलं पाहिजे. एक जरी राहिला तरी बुवा उत्तररंगाला हात घालत नाहीत. ही रीत किती जुनी आहे कुणास ठाऊक, पण कडक.

दुसऱ्या संध्याकाळी मध्यंतर झालं. मी झांज खाली ठेवून खांबाला टेकून बसलो. मथुरा तबक घेऊन निघाली. अबोलीचा गजरा, हिरव्या काठाचं लुगडं, मान खाली. ओळीत माझ्यापुढं दोनतीनच माणसं उरली होती. मी कपाळावरचा घाम पुसून बसलो होतो, बुक्का पसरू नये म्हणून. आणि तेवढ्यात मंडपात बूट वाजले.

मला उभं केलं, तेव्हा तिचं बोट बुक्क्यात बुडालेलं होतं. एवढंच मला दिसलं. पुढं कित्येक वर्षं मी डोळे मिटले की ते काळं बोट दिसायचं. उभं की आडवं? तुरुंगात, बोटीवर, भट्टीपुढं, मी ते कधी असं, कधी तसं ओढून बघायचो.

"बाब, तळीत पडाल हां!" वरून कुणीतरी ओरडलं. "कीर्तन सुरू होतंय. या, या वर."

ओरडणारे पुंडलीक मास्तर. बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आलेले आणि निवृत्त होऊन इथंच राहिलेले. हे सगळं त्यांनी मला मंडपापर्यंतच्या वाटेत सांगितलं. शिवाय मधुमेह, मुलाची नोकरी आणि या वर्षी मखराला लागलेला खर्चही सांगितला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मंडपात शिरलो आणि पाय थबकले. मखर सजलं होतं. नवरात्रात आमची देवी या सजवलेल्या लाकडी मखरात बसते आणि कीर्तन संपलं की आरतीच्या ठेक्यावर तिला मखरासकट झुलवतात. धूप, अबोली, खोबरेल तेल, ओल्या चिऱ्याचा वास. सगळं होतं तसं होतं. मला वाटलं, मी कुठं गेलोच नव्हतो. मध्यंतरात जरा डोळा लागला होता, एवढंच.

पाय आपोआप माझ्या खांबाकडे वळले. मध्ये एवढी गर्दी, पण त्या खांबापाशी एका माणसापुरती जागा मोकळी होती. झेंडूच्या माळांनी खांब वरपासून खालपर्यंत मढवला होता. मी टेकून बसलो.

"बाब, तिथं नका बसू," मास्तर कानाशी आले. "ती जागा नारदमुनींची."

"कुणाची?"

"नारदांची हो. कीर्तन चाललं की ते गुप्तरूपानं येऊन तिथं बसतात. फार जागृत खांब आहे."

"गुडघे गेलेत, मास्तर. टेकल्याशिवाय बसवत नाही."

मास्तरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. "बरं, बसा. नारद समजून घेतील. पण मध्यंतराला तेवढे सरका."

मी बायकांच्या बाजूला नजर टाकली. पांढरे केस बरेच होते. चष्मे होते, गजरे होते, मांडीवर पेंगणारी नातवंडं होती. यातली कोणती? की यात नाहीच? मास्तरांना नुसतं विचारलं असतं, "गोपाळबुवांची मुलगी कुठं असते?" तर त्यांनी तिच्या रक्तदाबासकट सांगितलं असतं. पण जीभ उचलेना. विचारलं आणि ते म्हणाले, "अरेरे, ती ना?" तर? न विचारता बसलो होतो तोवर ती होती.

हरिदास उभे राहिले. तरणाबांड माणूस, सोनेरी काडीचा चष्मा, पण उपरण्याची गाठ अगदी गोपाळबुवांसारखी. नमन झालं, आणि त्यानं जे पद उचललं ते ऐकून माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गोपाळबुवांनी स्वतः केलेलं पद. या मंडपाबाहेर ते कुठं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त समुद्रापलीकडच्या एका कोठडीच्या भिंतींना.

"तुझ्या दारी उभा, माये, एक वाटसरू..."

मागच्या पोरांनी लगेच झडप घातली. रामनाथसारखी. ओळ तिथंच आपटली.

दुसऱ्यांदा त्यानं ओळ टाकली. मी डोळे मिटले होते. मी काही ठरवलं नाही, देवीची शपथ. अर्धा श्वास थांबलो आणि माझा गळा आपण होऊन उघडला. म्हातारा, फाटका, भट्टीच्या धुरानं खरखरीत झालेला गळा. पण ओळ जिथं ठेवायची तिथंच ठेवली गेली. पोरं चपापून थांबली. हरिदासांनी मान वळवली, हसले, आणि हातानंच खूण केली, चालू द्या. तिसऱ्यांदा ओळ आली. मी थांबलो. माझ्याबरोबर मंडपही थांबल्यासारखा झाला. मग उचलली.

किती वेळ चाललं ते, मला सांगता येणार नाही. बुवा माझ्यापुढं उभे होते, रामनाथ शेजारी होता, आणि मखराच्या समया तेवढ्याच तेवत होत्या. डोळे उघडले तेव्हा पूर्वरंग संपला होता. हरिदासांना हार घातला जात होता आणि मास्तर माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होते.

"बाब, तुम्ही कीर्तनातले दिसता."

"ऐकणारा आहे."

"ऐकणाऱ्याचा गळा नव्हे हा. कुठले म्हणालात?"

मी काही बोलणार तेवढ्यात तबक आलं. चाळिशीतली एक हसऱ्या चेहऱ्याची बाई तबक घेऊन ओळीनं येत होती. हरिदासांच्या घरची सून, ज्योत्स्ना, मास्तर म्हणाले. प्रत्येकाच्या कपाळाला ती एक गोल टिळा लावत होती. मास्तरांना लावला. मग माझ्यापुढं आली आणि घुटमळली.

"आजोबा, जरा सरकता? खांबाला लावायचाय."

"खांबाला?"

"हो ना," मास्तरांनी माझा दंड धरला. "मी म्हटलं नव्हतं? माणसांना टिळा, खांबाला मात्र रेघ. त्याशिवाय कथा सुरू होत नाही. मी इथं आलो तेव्हापासून बघतोय. सरका."

"रेघ कशी?" मी विचारलं. "आडवी?"

"छे! उभी," ज्योत्स्ना म्हणाली. "उभीच लागते. आमच्या आईंची शिस्त आहे. एकदा मी चुकून आडवी ओढली, तर पदरानं पुसून पुन्हा ओढायला लावली त्यांनी."

मला सरकायचं होतं, पण मी खांबालाच कलंडलो. मी तिचं बोट बघत होतो. काळं, बुक्क्यात बुडालेलं. तेच.

"उठवू का, बाब?" मास्तर घाबरले. "पाणी आणा रे कुणी!"

तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. समया घासताना तळीवर घुमायचा तोच.

"ज्योत्स्ना, आज खांब असू दे."

सगळ्या माना तिकडे वळल्या. पांढऱ्या लुगड्यातली एक लहानखुरी म्हातारी, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मखराकडे पाहत होती.

"पण आई, रेघ..."

"रेघच ओढ. पण आज माणसाला ओढ."

ज्योत्स्नानं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वाकली. मी कपाळावरचा घाम पुसला, बुक्का पसरू नये म्हणून. तिचं बोट भुवयांच्या मधून वर गेलं, सरळ, केसांपर्यंत. केस होते तिथपर्यंत.

उत्तररंग सुरू झाला. कथा कोणती लागली होती, मला आठवत नाही. मी झील धरत होतो एवढं आठवतं. आरतीला देवीचं मखर झुलायला लागलं, पुढं आलं, मागं गेलं, आणि त्याच्याबरोबर समया, माणसं, खांब, सगळा मंडपच झुलत होता. त्यात ती कुठं होती, कुठं नव्हती, दिसलं नाही.

सकाळी मी तळीवर गेलो तर ती आधीच पायरीवर बसलेली. शेजारी काठी. समया नव्हत्या.

"नमस्कार," मी म्हटलं.

"पाठ दाखवा."

"काय?"

"वळा हो, पाठ दाखवा." मी वळलो. ती खुदकन हसली. "आरशात बघितलं नाही वाटतं? खांबाचा आधीच्या रात्रींचा सगळा बुक्का पाठीवर घेऊन निजलात. लिस्बनला असेच कपडे धुता?"

लिस्बनपर्यंतची खबर मास्तरांनी पायलटाकडून काढून घरोघर पोचवली होती. मी शर्टाकडे हात नेला, पोचेना. तसाच खालच्या पायरीवर बसलो.

"मथू," मी म्हटलं, "त्या संध्याकाळी..."

"त्या संध्याकाळी तुम्हाला नेलं, तरी बाबा उभेच होते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "कुणी म्हणालं, बुवा, आज पुरे, आरती करा. बाबा म्हणाले, 'अर्धवट कथा सोडून देवीपुढून उठायचं नाही. पण एक माणूस बिनबुक्क्याचा गेलाय. मी पुढं कसा जाऊ?' माझं बोट तसंच भरलेलं. मग मी गेले आणि तुम्ही टेकला होतात तिथं ओढलं. बाबांनी बघितलं. कथेला हात घातला."

"उभं?"

"आडवं कशाला ओढू? वेडी होते का?"

तळीत एक मासा उडाला. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"आणि मग दर वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी वाटलं, पहिलं पोचलं नसेल."

मी पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडलं.

"पण तोवर तुझं लग्न..."

"झालं होतं. तुमच्या रामनाथशीच. बाबांची गादी चालवायला तोच होता, आता आमचा धाकटा चालवतो." तिनं पदर नीट केला. "चांगला संसार झाला, नरसूबाब. खोटं कशाला बोलू? भांडलो, रडलो, पोरं वाढवली. मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, खांबाला काय लावते आणि का लावते. रात्रभर बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता बंद. पुढच्या नवरात्रात मी तबक घेऊन मुद्दाम खांब टाळून पुढं गेले, तर गादीवरूनच म्हणाले, 'खांब राहिला.'"

"रामनाथ म्हणाला?"

"दर वर्षी म्हणायचे. मी विसरत नव्हते, तरी म्हणायचे. अगदी गेले त्या वर्षापर्यंत." तिनं काठी जवळ ओढली. "झील मात्र तुमच्यासारखी कधी जमली नाही हो त्यांना. काल तुम्ही अर्धा श्वास थांबलात, आणि माझा अख्खा थांबला."

आम्ही दोघंही हसलो. मग तिनं डोळे पुसले, मीही पुसले. माझ्या हाताला कपाळाचा बुक्का लागला, ते बघून ती म्हणाली, "पुसू नकोस रे."

इतक्या वर्षांनी 'तुम्ही'चा 'तू' झाला होता, तिच्या ध्यानातही आलं नसावं.

"इथं राहू मी?" मी विचारलं. "अग्रशाळेत एक खोली मिळेल म्हणतात. पोरांना झील शिकवीन."

"हे मला कशाला विचारतोस? देवीला विचार." काठी टेकून ती उठली. दोन पायऱ्या चढली आणि मागं न बघता म्हणाली, "शिकव. झडपा घालतात मेले."

राहिलो. त्यानंतर मथुरा सहा नवरात्रं होती. आम्ही फारसं बोललो नाही. रोज संध्याकाळी ती बायकांच्या बाजूला बसायची, मी पोरांच्या मागं. ओळ पडली की आम्ही दोघं एकदमच थांबायचो. त्यात सगळं आलं.

आता ती नाही. ज्योत्स्नाच्या घरी नवी सून आली आहे, तबक ती फिरवते. मी खांबाला टेकत नाही, जरा बाजूला बसतो. परवाच्या नवरात्रातली गोष्ट. त्या मुलीनं मला गोल टिळा लावला, सगळ्यांसारखा, आणि मग वाकून खांबाला उभी रेघ ओढली. शेजारी एक पाहुणे बसले होते, बेळगावकडचे. पुंडलीक मास्तरांनी त्यांना गाठलंच.

"नारदमुनी बसतात तिथं. फार जागृत खांब आहे."

पाहुणे जरा शंकेखोर. त्यांनी माझ्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. "खरं का हो, आजोबा?"

"बसतात," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

एवढ्यात हरिदासांनी ओळ टाकली. मी पोरांकडे पाहून बोट वर केलं. सगळी थांबली, अर्धा श्वास.